केबल ताणलेली असताना

१२ ऑक्टोबर, रविवार

आज विंच बसला. चारही बोल्ट बरोबर ताणाने आवळले. टॉर्क रेंच माझा स्वतःचा, स्टोअरमधला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, लहान आहे आणि उद्या कोणी म्हणायला नको की मेश्राम रेल्वेचं सामान घरी वापरतो.

शारदाच्या बहिणीने नागपूरहून फोनवर विचारलं, "भाऊजी, हे विंच म्हणजे काय असते?" तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. आमच्या जिप्सी गाडीच्या नाकाशी एक ढोल, ढोलावर पोलादी केबल, बाजूला मोटार. केबलचं टोक झाडाला नाहीतर दुसऱ्या गाडीला अडकवायचं आणि बटण दाबायचं. फसलेली गाडी निघते. ती म्हणाली, "म्हणजे विहिरीचा रहाटच की." मी म्हटलं, हो, पण रहाटाची दोरी तुटली तर बादली जाते. ही केबल तुटली तर माणूस जातो.

मला हे कोणी शिकवलेलं नाही. जिप्सी भंगारातून उभी केली तेव्हाही कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तिका इंग्रजीत आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. जो शब्द शब्दकोशातही सापडला नाही तो देवश्रीला विचारला. ती म्हणाली, "पापा, ये तो बस कंपनी का नाम है."

पुस्तिकेत म्हटलं आहे, प्रत्येक वापराची नोंद ठेवा: केबल, कप्पी, माणसं. म्हणून ही डायरी.

शारदाचं म्हणणं असं की रायपुरात सगळीकडे डांबर आहे, आपल्या घरून फसतं कोण? मी म्हटलं, सदर बाजारात संध्याकाळी सगळेच फसतात. ती म्हणाली, "मंग तिथं लावा तुमचा रहाट."

१९ ऑक्टोबर, रविवार

खारुन नदीच्या काठी सराव केला. शारदा स्टिअरिंगवर, मी बटणावर. रेतीत मुद्दाम चाकं बुडवली आणि एका जुन्या कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडाला रुंद पट्टा घालून गाडी बाहेर काढली. पट्टा यासाठी की नुसती केबल झाडाला गुंडाळली तर झाडाची साल जाते आणि केबलही जाते. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आवडलं नाही. चांगली ओढ अशी असावी की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

एक घोळ झाला. ताणलेल्या केबलवर मधोमध जड कांबळं टाकायचं असतं. केबल तुटलीच तर कांबळं तिला खाली पाडतं, चाबकासारखी उडू देत नाही. घरात जड असं काही शोधताना पेटीत नवी गोधडी सापडली, ती घेतली. तिला ग्रीस लागलं, रेती लागली. ती देवश्रीच्या लग्नासाठी शिवलेली होती हे मला कसं कळणार? शारदा किती वर्षांपासून शिवते आहे, पण कोणासाठी ते कधी बोलली नाही. येताना रागावण्याऐवजी ती गोधडीवरची रेती झटकत राहिली. ते जास्त कठीण.

केबल: ठीक. कप्पी: वापरली नाही. माणसं: एक रागावलेलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

शारदाने जुनी सतरंजी आणि पोतं जोडून वेगळी गोधडी शिवून दिली. चारही कोपऱ्यांना खिसे, खिशांत रेती. "म्हणजे वाऱ्यानं सरकनार नाही," म्हणाली. ही युक्ती पुस्तिकेत नाही. कंपनीला कळवावं का, विचार करतो आहे. एकीकडे म्हणते विंच म्हणजे घरात आणलेलं खूळ आहे. मग खिशांना दुहेरी टाके कशासाठी?

दुसरं असं की देवश्रीसाठी स्थळ आलं आहे. भिलाईचे बाबाराव गजभिये, प्लँटातून रिटायर झालेले, मूळचे उमरेडकडचे, आपल्याच समाजातले. पत्नी वारल्या. एकच मुलगा, यशोधन, कोरब्याला कोळशाच्या खाणीत. नागपूरच्या मावशीने सुचवलं. आधीच्या स्थळांच्या वेळी देवश्रीने चहाचा ट्रेसुद्धा नीट धरला नव्हता. या वेळी म्हणाली, "देख लो पापा, आप को ठीक लगे तो." पोट्टीला आता समज आली.

२६ ऑक्टोबर, रविवार

ते आले. जय भीम झालं, पाणी झालं. बाबाराव उंच आणि भरदार, आवाज असा की शेजारच्या क्वार्टरमधला टीव्ही बंद झाला. प्लँटात माणसं हाताळलेला माणूस, ते दिसतंच. नवी काळी फोर-बाय-फोर घेऊन आले होते, आमच्या फाटकात मावली नाही.

यशोधन सरळ मुलगा वाटला. देवश्री त्याच्या चहात साखर घालायला विसरली. त्याने एक शब्द काढला नाही, सगळा चहा प्यायला. संस्कार दिसतात. मी दोघांना अंगणात बोलायला पाठवलं, लाजतील म्हणून. आत आले तर देवश्री त्याच्या मोबाइलचा चार्जर आपल्या पर्समधून काढून देत होती. चार्जर हल्ली सगळ्यांचे सारखेच असतात.

त्याला विचारलं, खाणीत काय करतोस. म्हणाला, "फसलेले डंपर वगैरे बघतो, काका." बघत असेल. बघायला काय लागतं.

पण विंच दाखवला तर त्याने इतके प्रश्न विचारले की मला बरं वाटलं. ढोलावर केबलचे किती वेढे ठेवायचे? कप्पी लावली तर ओढ दुप्पट कशी होते? हातमोजे कातड्याचेच का? एकेक प्रश्न असा नेमका की उत्तराचा रस्ता प्रश्नातच. मी सगळं समजावलं. बाबाराव पायरीवर बसून म्हणाले, "मेश्राम साहेब, आमच्या प्लँटातल्या क्रेनसमोर हे तं खेळणं हाय." मी हसलो. मुलीचा बाप हसतो.

गेल्यावर शारदाला म्हटलं, मुलगा चौकस आहे. ती म्हणाली, "हो ना, घरून तयारी करून आला." म्हणजे काय ते सांगितलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर पाऊस, या दिवसांत नको तो. धान उभं आहे लोकांचं. कप्पीला ग्रीस दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

बाबारावांनी अभनपूरकडे जमीन घेतली आहे. धान कापलं की दोन्ही घरांनी मिळून पाहायला जायचं, तिथेच काय ते ठरवायचं, असा निरोप. म्हणजे होकार जवळजवळ झालाच. देवश्री आज भांडी घासताना गुणगुणत होती. घासलेली भांडी पुन्हा घासली.

जेवताना मी दोघींना नियम पुन्हा सांगितले, कारण रस्ता कच्चा आहे. केबल ताणली की तिच्याजवळ कोणी नको. केबल जेवढी लांब सोडली असेल त्याच्या दीडपट मागे. तिच्यावरून ओलांडायचं नाही. हुकूम एकाचाच. लहान असो, मोठा असो, साहेब असो.

शारदा म्हणाली, "आन इवाई असन तं?" इवाई म्हणजे व्याही, बाबाराव.

"तर तेही मागे."

"सांगान तुम्ही?"

"सांगीन. काहून नाही सांगणार?"

ती भाकरी थापत राहिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज सुटी टाकली आहे. क्रमाने लिहितो.

अभनपूरच्या पुढे बाबारावांची जमीन. धान कापून झालेलं, माती कन्हार, म्हणजे काळी आणि चिकट, आणि गेल्या महिन्याअखेरच्या त्या पावसाचा ओलावा पोटात तसाच. मी जिप्सी बांधाजवळच्या कच्च्या रस्त्यावर उभी केली. बाबाराव म्हणाले, "अरे, फोर-बाय-फोर हाय, पाहा," आणि काळी गाडी सरळ वावरात घातली. मधोमध गेली आणि बसली. त्यांनी आणखी रेस दिला. चाकं फिरली आणि गाडी पोटावर टेकली.

खरं लिहितो, मला आनंद झाला.

मी सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं. जिप्सी हलकी, त्यांची गाडी जड, म्हणजे ओढताना जिप्सीच पुढे घसरणार. म्हणून आधी जिप्सीला मागून बांधावरच्या बाभळीला पट्ट्याने बांधलं. यशोधनने विचारलं, "काका, चाकांसमोरची माती आधी काढून घ्यायची असते ना?" मी तेच सांगणार होतो. दोघांनी खोदलं. केबल त्यांच्या गाडीच्या हुकाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत जिप्सीच्या नाकाशी आणली, म्हणजे ओढ दुप्पट. यशोधन म्हणाला, "काका, हुकाचं तोंड वर ठेवायचं का खाली?" पाहिलं तर खाली होतं. मी वर करणारच होतो. शॅकलची, म्हणजे कप्पी अडकवायच्या कडीची, पिन पूर्ण आवळून त्याने पाव फेरा सैल केली, मी सांगायच्या आधी. पोट्टा भराभर शिकतो.

शारदाची गोधडी केबलवर टाकली. जिप्सीचं बोनेट उघडं ठेवलं, काचेला आड म्हणून. यशोधनला काळ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसवलं. देवश्री आणि शारदा लांब, बांधावर. शेजारच्या वावरातला बिसाहू आणि त्याच्याकडचे दोन-तीन जण, त्यांनाही लांब केलं. बटण हातात घेतलं.

बाबाराव केबलपाशी उभे होते. आपल्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून.

मी म्हटलं, "गजभिये साहेब, जरा..." आणि मान मागच्या बाजूला हलवली.

"हो, हो, ओढा तुम्ही," ते म्हणाले.

आता हे कसं लिहू. आमच्याकडे मुलीचा बाप मुलाच्या बापाला 'बसा' म्हणतो, 'घ्या' म्हणतो, 'अजून थोडं घ्या' म्हणतो. 'सरका' म्हणत नाही. माझ्या बापाने म्हटलं नव्हतं, मीही माझ्या बहिणीच्या वेळी कोणाला म्हटलं नाही. शब्द तोंडाशी येतो आणि तिथेच बसतो, त्या गाडीसारखा.

मी बटण जरासं दाबलं. केबल उचलली गेली, ताणली. त्याबरोबर बाबारावांनी तिच्यावरून पाय टाकला, पलीकडचं चाक पाहायला. मी बटण सोडलं.

"काय झालं?"

"विंच तापला," मी म्हटलं.

विंच तापला नव्हता. तो हाताला थंड होता. मी खोटं बोललो.

थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. ते पुन्हा केबलपाशी. पुन्हा सोडलं. पुन्हा तापला म्हटलं. यशोधन खिडकीतून म्हणाला, "बाबा, इधर आ जाओ न." बाबाराव म्हणाले, "तू चाक पाहाय. मी क्रेनच्या खाली उभा राहिलेला माणूस हाओ." मग मला म्हणाले, "मेश्राम साहेब, मशीन काही दमाची दिसत नाही. हलकं सामान लागलं काय तुमाले?"

मी 'हो' म्हटलं. इतके दिवस जपलेल्या विंचला मी हलकं सामान म्हटलं, त्याच्यासमोर.

शारदाला बांधावरून सगळं कळलं असावं. तिने हाक मारली, "भाऊ, चहा आनला, इकडं या सावलीत." मला वाटलं, सुटलो. बाबाराव म्हणाले, "इथंच आना ना ताई, मी गाडी सोडून कुठं येऊ." आणि त्या दोघी थर्मास घेऊन केबलपाशी आल्या. आता तिथे तीन माणसं होती, हातात कप घेऊन, माझी बायको, माझी मुलगी आणि तिचा होणारा सासरा, आणि मध्ये अर्धी ताणलेली केबल.

तेवढ्यात बिसाहू म्हणाला, "ट्रेक्टर लान दंव का भैया?"

"हव, आन बाबू," बाबाराव म्हणाले. "मशीनचं काही खरं नाही."

बिसाहूच्या हातात जी दोरी होती ती गुरं बांधायची, प्लास्टिकची. ती ट्रॅक्टरला बांधणार, दुसरं टोक बंपरला, झटका देणार, आणि ही तिघं तिथेच उभी असणार. मला बंपर दिसला. बंपर उडून कुठे येणार ती जागा दिसली. तिथे देवश्री चहा पीत होती.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते शब्दशः लिहितो, कारण नोंद खरी हवी. "बाबाराव, मांगं व्हा. शारदा, देवश्री, मांगं. केबल ताणली की इथं इवाई-बिवाई कोणी नाही. मांगं व्हा म्हनतो ना."

नुसतं बाबाराव. ना साहेब, ना जी.

 बिसाहूची दोरी हातातच राहिली. बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप बोनेटवर ठेवला आणि वळून चालू लागले. बांधावर थांबले नाहीत, बाभळीपाशी थांबले नाहीत. थेट रस्त्यावर गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मी बटण दाबलं. गाडी हळूच निघाली. काही तुटलं नाही, काही उडालं नाही. बोनेटवरचा कप कलंडला, पण खाली पडला नाही. इतकी साधी ओढ झाली की बघणाऱ्याला वाटावं, यात ओरडण्यासारखं होतं काय? केबल तुटली असती तर निदान सगळ्यांना कळलं असतं. असा विचार मनात आला, याची लाज वाटते.

बाबाराव म्हणाले, "निघतो आता." एवढंच. यशोधनने जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. बिचारा निरोपच घेत असावा.

मग आम्हीही निघालो. देवश्री मागे बसून फोनवर काहीतरी टाइप करत होती. आरशात पाहिलं, डोळे ओले वाटले. हसूनही ओले होतात असं नंतर शारदा म्हणाली. माझी समजूत काढायला काहीही बोलते.

केबल: ठीक. कप्पी: ठीक. माणसं:

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन नाही.

मी फोन करावा का? शारदा म्हणते, "थांबा जरा. मोठ्या मानसाले थोडा टाइम लागते." कुठल्या मोठ्या माणसाला, विचारलं. म्हणाली, "दोघाइले."

२३ नोव्हेंबर, रविवार

माफी मागायला मी तयार आहे. आज सकाळी आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं. "गजभिये साहेब, मी ओरडलो ते चुकलं." इथपर्यंत जमतं. पुढे "तुम्हाला मागे व्हायला सांगितलं ते चुकलं" हे निघत नाही. ते चुकलं नव्हतं. अर्धी माफी मागता येते का? पुस्तिकेत यावर काही नाही.

चूक कुठे झाली ते मात्र सापडलं. ती ओरडण्याच्या आधी झाली. पहिल्यांदा ते केबलपाशी उभे राहिले तेव्हाच मी शांतपणे म्हटलं असतं, "साहेब, दहा पावलं मागे, मग सुरू करतो," तर ओरडायची वेळच आली नसती. मान ठेवायला गेलो आणि मानाची सगळी शिल्लक एकदम उडवली. शिवाय विंचबद्दल खोटं बोललो ते वेगळंच.

देवश्रीला विचारलं, बेटा, तुला तो मुलगा फार आवडला होता का? ती म्हणाली, "पापा, आप टेन्शन मत लो, कुछ नहीं होगा." माझ्यासाठी धीर धरते आहे पोट्टी. संध्याकाळी अंगणात किती तरी वेळ फोनवर बोलत होती, हसतही होती. मैत्रीण असेल. मन रमवते आहे.

मी तिच्या आयुष्यात असा माणूस आहे का, जो बरोबर असतो आणि त्यामुळे तिचं नुकसान होतं? शारदाला विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तर?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. गोल बाजारात गेलो, शारदाला दोरा हवा होता. लाल, जाड, दोन रिळं. ती अजून लग्नाचीच गोधडी शिवते आहे, ग्रीसचा डाग लागलेला तुकडा कापून त्या जागी नवं ठिगळ लावते आहे. मी म्हटलं, आता कशाला घाई. ती म्हणाली, "दोरा बारीक आनला तुमी." बदलून आणला.

विंचवर कापड टाकून ठेवलं आहे.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी अकराला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी शर्टाची बटणं लावत होतो. तिकडून तोच आवाज, पण जरा लांबून आल्यासारखा.

"इवाई बोलून राहिलो."

मी एक बटण चुकीच्या काजात घातलं. 

"ऐकून राहिले का? गाडी पुन्हा फसली माही. त्याच वावरात. ट्रॅक्टर नाही बोलावला. कोणाले हात लावू दिला नाही. तुमी या. आन मी आतापासूनच मांगं उभा हाओ. लय मांगं."

शारदाने गोधडी आधीच गाडीत ठेवली होती. जेवणाचा डबाही भरलेला होता, पाच माणसांचा. मी विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, "चला, चला, उशीर होते."

पोचलो. बाबाराव खरंच रस्त्याच्या पलीकडे, पळसाखाली उभे होते. बिसाहू आणि त्याच्या लोकांनाही तिथेच उभं केलेलं. कोणी एक पाऊल पुढे टाकलं की हे ओरडायचे, "अरे, मांगं, मांगं. केबल हाय." केबल अजून मी उघडलीही नव्हती.

यशोधनही होता. रविवार म्हणून कोरब्याहून आला म्हणाला. देवश्रीला पाहून आश्चर्य वाटल्यासारखं केलं, पण तिची पाण्याची बाटली मात्र न मागता घेतली.

एक गोष्ट मला कळली नाही. सगळं वावर वाळून भेगाळलेलं. फक्त मधोमध एक तुकडा ओला, गाडी बरोबर तिथे. बिसाहू हसत हसत म्हणाला, "बिहनिया ले पानी छोड़त रिहिन साहेब मन." सकाळपासून पाणी सोडत होते म्हणे. धान निघाल्यावर वावरात पाणी कोण सोडतं? दुसरं असं की गाडीचा फोर-व्हीलचा नॉब टू-व्हीलवर होता. फिरवला असता तर कदाचित ती आपली आपणच निघाली असती. मी हात नेला होता नॉबकडे. पण पलीकडून ते सगळे बघत होते, बाबाराव टाचा उंचावून. म्हटलं, एवढ्या लांब आलो आहे, ओढूनच काढू.

सगळं बांधून झालं. हुकाचं तोंड वर. या वेळी यशोधनने काही विचारलं नाही. मी गोधडी उचलली, तर बाबारावांनी लांबून हाक दिली, "इवाई, ते मी टाकू का?"

मी म्हटलं, "या."

आले. दोन्ही हातांनी गोधडी धरली, केबलवर मधोमध ठेवली, चारही कोपरे खाली ओढून बसवले. कोपऱ्यातले खिसे चाचपून पाहिले. "रेती भरली हाय?" विचारलं. मी म्हटलं, शारदाची युक्ती. त्यांनी एका टाक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "यशोधनच्या आईच्या हातचंही एक हाय माह्याकडं. पोरीले देईन." मग सरळ झाले. "जाऊ आता मांगं?"

मी म्हटलं, "साहेब, दहा पावलं मागे, मग सुरू करतो." शांतपणे म्हटलं. निघालं तोंडातून. ते मोजून दहा गेले, मग आपल्याच मनाने आणखी गेले.

त्याआधी एक सांगून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी विंच तापला नव्हता. सामान हलकं नाही. चांगलं आहे." ते म्हणाले, "मले माहीत हाय. मी हात लावून पाहिला होता."

गाडी निघाली. काही झालं नाही. बिसाहूला जांभई आली.

बांधावर बसून जेवलो, पाच माणसं, पाच जणांचा डबा. साखरपुड्याची तारीख बाबाराव आणि शारदा यांनी चटणी वाढता वाढता ठरवली. मला नंतर कळवली.

येताना शारदाला म्हटलं, माणूस लाखाचा आहे, पण गाडी त्याला चालवता येत नाही. नॉबही कळत नाही, वावरात पाणी सोडतो. साखरपुड्याआधी एक रविवार काढून त्याला शिकवावं लागेल. शारदा खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. विचारलं, काहून हसून राहिली? म्हणाली, "काही नाही. शिकवा तुमी. त्याइले आवडन."

गोधडीचा एक कोपरा उसवला आहे. टाके घालायचे आहेत.

केबल: ठीक. कप्पी: ठीक. माणसं: सगळी मागे, सगळी नीट.